मतलईची वेळ

साल १८८०. माघ वद्य अष्टमी. मालवणच्या बंदरात नांगरलेली एक फत्तेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, मुंबईला निघणार आहे. तिचं नाव सांगत नाही, तिच्या तांडेलाचं, म्हणजे कप्तानाचंही नाही. हा दिवस कुणा एका जहाजाच्या वहीतून उतरवलेला नाही. त्या काळचे वारे, भरत्या, माल आणि कायदे यांवरून तो जुळवला आहे. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत असे दिवस या किनाऱ्यावर रोजचेच होते.

जहाजावर घड्याळ नाही. खाली दिलेल्या वेळा तुमच्या-माझ्या सोयीच्या आहेत. तांडेलाला विचारलं तर तो तिथी सांगेल, नाहीतर वाऱ्याचं नाव.

पहाटे ३.३०

"उठा रे, मतलई सुटली."

तांडेल हे ओरडून सांगत नाही. गालाला गारवा लागला की निम्मे खलाशी आपणच जागे झालेले असतात. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे येणारा रात्रीचा वारा. दिवसभर तापलेली जमीन रात्री लवकर निवते, समुद्र निवायला वेळ घेतो, आणि मधली हवा डोंगराकडून पाण्याकडे सरकू लागते. येताना ती शेणी जाळल्याचा, ओल्या पाचोळ्याचा आणि या दिवसांत आंब्याच्या मोहराचा वास घेऊन येते. थंडीत तिला जोर असतो. वैशाखात ती मरतुकडी होते. माघ म्हणजे अजून हुकमी.

मालवणहून मुंबई समुद्रमार्गे सुमारे पावणेदोनशे सागरी मैल, आणि सगळी वाट उत्तरेची. दिवसाचा वारा वायव्येचा, म्हणजे जवळपास तोंडावरचा. मतलई मात्र उजव्या कुशीवर येते आणि जहाजाला सरळ पुढं नेते. त्यामुळं उत्तरेला निघालेलं जहाज रात्री कमावतं आणि दिवसा खर्च करतं. जायला आठवडा लागला तरी परतताना तोच वायव्य वारा पाठीशी असतो आणि दोन-तीन दिवसांत मालवण दिसतं. आज अष्टमी, शिमग्याची पुनव बावीस दिवसांवर आहे. एक तरुण खलाशी नांगराच्या दोराला हात घालता घालता विचारून घेतो, "शिमग्याक घराकडे पोचतलंव मा आमी?"

"ता वाऱ्याक इचार," तांडेल म्हणतो.

भरतीचा हिशेब मात्र कुणाला विचारावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे कोकणात पोराटोरांना ठाऊक. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पुरतं चढलेलं असेल; भरलेल्या जहाजाला खडकांवरून निघायला त्याच्या आतबाहेरचा वेळ बरा. अष्टमीची भरती ही भांगाची, उधाणाइतकी मोठी नाही, पण ओढही कमी. वर अर्धा चंद्र आहे. माणसं एका सुरात जोर लावतात आणि नांगर सुटतो.

पहाटे ४.३०

मालवणचं बंदर दुरून मोकळं दिसतं, पण त्याच्या पोटात खडकच खडक. काही पाण्याबाहेर डोकं काढून बसलेले, काही पाण्याखाली हातभर दडलेले. ज्यांना वाट ठाऊक त्यांचं हे बंदर रक्षण करतं; ज्यांना ठाऊक नाही त्यांचा तळ फोडतं.

ही वाट कुठल्या कागदावर पाहून तांडेल चालत नाही. त्याच्याकडं जोड्या आहेत: किल्ल्याचा अमुक बुरूज आणि किनाऱ्यावरचं तमुक टेकाड एका रेषेत आलं की वळायचं, दुसरी जोडी फाकली की सरळ व्हायचं. रात्री बुरूज म्हणजे नुसता काळा ठोकळा. तेव्हा कान कामाला येतात. खडकावर फुटणाऱ्या लाटेचा आवाज वाळूवर फुटणाऱ्या लाटेसारखा नसतो.

नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, बारा-तेरा वर्षांचा पोर उभा आहे, हातात शिशाचा गोळा बांधलेली दोरी. गोळ्याच्या बुडाला खळगा आणि खळग्यात चरबी. गोळा तळाला टेकला की दोरी किती गेली ते मोजायचं आणि चरबीला काय चिकटलं ते चांदण्यात पाहायचं.

"सात वाव! रेव!"

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, साधारण सहा फूट. रेव म्हणजे वाळू. वाळू आली तर ठीक, चिखल आला तरी ठीक. चरबी कोरी आणि गोळ्यावर ओरखडा आला तर खाली खडक, मग तांडेलाचा आवाज पहिल्यांदा चढतो.

वायरीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वेळी शिवाजी महाराजांनी तिथं पूजा केली, असं इथला प्रत्येक जण सांगतो. त्या दिशेला हात जोडून तांडेल एक नारळ पाण्यात सोडतो. नारळ मालाच्या ढिगातला नाही, घरून आणलेला. मालातला नारळ व्यापाऱ्याचा. देवाला दुसऱ्याचा देत नाहीत.

सकाळी ६.३०

उजाडतं तेव्हा किल्ला मागं पडलेला असतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पायात शिसं ओतलं. तेरा वर्षांचा पोर मागं वळून बघत राहतो. बघणं साहजिक आहे. त्याचा पणजोबा कदाचित याच बंदरातून गलबतावर जात असेल, आणि त्या गलबतात नारळ नसतील.

इंग्रजांच्या कागदांत मालवणचा माणूस म्हणजे चाचा, समुद्री लुटारू. मुंबईची जहाजं इथून जाताना अडवली जात, दस्तक, म्हणजे परवाना, नसेल तर पकडली जात. मराठ्यांच्या दृष्टीनं तो समुद्रावरचा हक्क, कंपनीच्या दृष्टीनं दरोडा. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं, आणि परवडेना म्हणून वर्षभरात परत केला. १८१२ मध्ये कोल्हापूरच्या करवीरकरांबरोबरच्या तहात मालवण आणि सावंतवाडीकरांबरोबरच्या तहात वेंगुर्लं कंपनीकडं गेलं, ते कायमचं. तोवर उत्तरेला विजयदुर्ग कधीच पडला होता. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथं जळालं, आणि जाळताना पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूला होती.

म्हणून या फत्तेमारीवर तोफ नाही. एके काळी तोफांचा भार वाहणारं लाकूडकाम आणि जहाज हाकणारे हात तेच राहिले, काम बदललं. लढाऊ दर्यावर्दी दोन पिढ्यांत मालवाहू झाला.

सकाळी ७.३०

पिछाडीला मातीनं लिंपलेल्या लाकडी खोक्यात चूल पेटली आहे. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. तो जातीनं भंडारीच असेल असं नाही. या जहाजावर गाबीत आहेत, खारवी आहेत, एक दालदी मुसलमान आहे, आणि आजचा भंडारी गाबीत आहे. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा. गोडं पाणी लाकडी टाकीतलं. त्या टाकीला भंडारी सोडून कुणी हात लावायचा नाही.

पेज प्यायच्या आधी एक काम उरकावं लागतं: तळातलं पाणी उपसायचं. लाकडी जहाज कितीही चांगलं बांधलं तरी थोडं पाझरतंच. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ बसवलेली. पाण्याखालचा भाग चुना आणि चरबी यांच्या लेपानं पांढरा केलेला, नाहीतर किडा सागवानाची चाळण करतो. वरच्या भागाला माशाचं तेल. म्हणून फत्तेमारी दिसण्याआधी तिचा वास येतो.

जॉन एडी नावाच्या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्यानं १८३४ मध्ये मलबार किनाऱ्याच्या नौकांची मापं छापली. त्यात मोठ्या फत्तेमारीची लांबी सुमारे ७६ फूट, रुंदी २१ फुटांच्या वर, भार जवळपास २०० टन. आपली फत्तेमारी तेवढी मोठी नाही. दोन डोलकाठ्या, त्याही पुढं झुकलेल्या. दोन्हींवर तिरक्या काठीला बांधलेली तिकोनी शिडं. दोर काथ्याचे, कारण खाऱ्या पाण्यात काथ्या कुजत नाही, उलट घट्ट होतो. माणसं तांडेलासकट अकरा.

पगाराचा करार नाही. मालाचं भाडं आलं की त्यातून तांदूळ, दोर, बंदराची पट्टी असा खर्च वजा करायचा. उरलेल्यात एक वाटा जहाजाचा, म्हणजे मालकाचा, बाकीचे माणसांचे. तांडेलाचा जास्त, पोराचा अर्धा. वाऱ्यानं एक दिवस खाल्ला की सगळ्यांच्या वाट्यातून तो जातो. म्हणून या जहाजावर वाऱ्याची चिंता एकट्या तांडेलाची नसते.

सकाळी ९.३०

आचरा मागं टाकलं, मिठबाव अजून पुढं. आणि वारा पडला.

एकदम पडत नाही. आधी शीड एकदा फडफडतं, मग सावरतं, मग पुन्हा फडफडतं आणि धुतल्या लुगड्यासारखं लोंबत राहतं. जमीन तापली, मतलईचं काम संपलं. समुद्राकडचा वारा यायला दुपार होईल. मधले चार-पाच तास कुणाचेच नाहीत. प्रवाह मागं नेऊ लागला तर छोटा नांगर टाकायचा, एवढंच.

या रिकाम्या वेळात जहाजाच्या पोटात काय आहे ते पाहू. खाली हिरड्याची पोती, वर नारळ, त्यावर सुंभाची बंडलं आणि कोपऱ्यात आमसुलं. नारळ, सुंभ, आमसुलं मालवणचीच. हिरडा वेंगुर्ल्याचा, पण वेंगुर्ल्यात तो पिकत नाही. कोल्हापूर-बेळगावच्या रानात तो गोळा होतो, बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट उतरून बंदरावर येतो. पूर्वी राम घाटातून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर माल आणत. सरकारनं गाडीरस्ता बांधला आणि वेंगुर्लं भरभराटीला आलं. कापूसही त्याच वाटेनं उतरतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६१ ते १८६५ मध्ये मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा या किनाऱ्यावरचं एकेक बंदर कापसाकडं आशेनं पाहू लागलं होतं.

हिरड्यात कातडं कमावायला लागणारा तुरट अंश असतो. या पोत्यांतला हिरडा मुंबईत मोठ्या आगबोटीत चढेल, १८६९ मध्ये उघडलेल्या सुएझच्या कालव्यातून विलायतेला जाईल आणि तिथल्या कारखान्यात कुणाच्या तरी बुटाचं कातडं कमावेल. रानातल्या झाडाखालून विलायतेतल्या बुटापर्यंत केवढी मोठी साखळी. तिचा वाऱ्यावर चालणारा दुवा एकच, ही फत्तेमारी. बाकी सगळं चाकांवर किंवा वाफेवर. साखळीतल्या बाकीच्या कड्यांना तारीख देता येते, हिला देता येत नाही.

परतताना पोटात मँचेस्टरचं कापड असेल, साखर, लोखंडाच्या कांबी, आणि हल्ली पत्र्याच्या डब्यांतून येणारं घासलेट. मालवणच्या घराघरांत उंडीच्या कडू तेलाचा दिवा आहे. घासलेट त्याला विझवील, आणि ते घासलेट आणणारी हीच फत्तेमारी असेल.

खलाशी मात्र ही साखळी-बिखळी मोजत नाहीत. एक जण शिडाचं उसवलेलं शिवतो आहे, दुसरा सुंभ वळतो आहे. पोरानं गळ टाकला आहे.

दुपारी १२

दक्षिणेकडं धुराची रेघ दिसते. मग काळं नळकांडं. मग पांढरं पाणी.

"आगबोट!"

शेफर्ड कंपनीच्या आगबोटी आता मोकळ्या हंगामात कोकणच्या बंदरांना लागतात. वारा नाही, समुद्र तेलासारखा, आणि ती सरळ रेषेत उत्तरेला चालली आहे, कुणीतरी फूटपट्टी ठेवून आखल्यासारखी. तिच्या लाटेनं फत्तेमारी डुलते, लोंबकळणारं शीड डोलकाठीवर आपटतं.

"तिका वारो लागणा नाय?" पोर विचारतो. त्याला उत्तर ठाऊक आहे, तरी विचारतो.

सुंभ वळणारा म्हातारा मान वर करत नाही. "तिका कोळसो लागता. कोळश्याक पैसो लागता. आमका वारो फुकट."

म्हाताऱ्याचं गणित बरोबर होतं, आणि पुढं बरीच वर्षं बरोबर राहिलं. आगबोटीनं शिडाचं जहाज एका दिवसात संपवलं नाही. तिनं आधी घाईचं ते उचललं: टपाल, पैसेवाले उतारू, नाशवंत आणि महाग माल. जड, स्वस्त आणि वाट पाहू शकणारा माल शिडाकडं राहिला: मीठ, लाकूड, नारळ, सुंभ. बाझल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौलं देशी जहाजांतूनच किनाराभर पसरली. कोकणातल्या कित्येक घरांचं छप्पर शिडानं आणलेलं आहे.

फत्तेमारीला खरा धक्का बसला तो तिच्या पाठीमागून, डोंगरातून. आठ वर्षांनी, १८८८ च्या सुमारास, मुरगाव बंदराची रेल्वे घाट चढून वरच्या रेल्वेला मिळाली. बेळगाव-धारवाडचा जो माल आंबोलीनं वेंगुर्ल्याला उतरायचा तो गोव्याकडं वळला. बंदरात जहाजं होती, वारा होता, तांडेल होते; घाटावरून येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. बंदर समुद्रामुळं चालतं असं आपण समजतो. ते पाठीमागच्या रस्त्यामुळं चालतं.

फत्तेमारी या शब्दाचं मूळ निरोप्या, जासूद या अर्थाच्या जुन्या शब्दाशी जोडतात: आधी पत्र नेणारा माणूस, मग पत्र नेणारं जलद जहाज, मग नुसतंच जहाज. एके काळी किनाऱ्यावरची सगळ्यांत ताजी बातमी हिच्यावर यायची. आता मुंबईचा भाव तारेनं येतो, पत्र आगबोटीनं. हिच्याकडं नाव तेवढं राहिलं.

दुपारी २.३०

पाण्यावर पश्चिमेकडून काळसर चट्टा सरकत येतो. तो जहाजाला टेकण्याआधीच तांडेल उठून उभा राहिलेला असतो.

आता दिवसातली खरी मेहनत. वारा वायव्येचा, जायचं उत्तरेला. शीड ताणून जहाज वाऱ्याला तिरकं लावायचं, आधी खोल समुद्राकडं तासभर, मग वळून किनाऱ्याकडं, पुन्हा बाहेर. नागमोडी चालीत दहा मैल पाणी कापलं की उत्तरेची पाच-सहा मैल वाट पदरात पडते.

या शिडाला वळवणं म्हणजे नुसतं सुकाणू फिरवणं नव्हे. तिरकी काठी डोलकाठीच्या एका अंगाला असते. दिशा बदलताना जहाजाची पाठ वाऱ्याकडं करायची, शिडाचा दोर सोडायचा, काठीचं खालचं टोक डोलकाठीजवळ ओढून उभं करायचं आणि शिडासकट दुसऱ्या अंगाला न्यायचं. तेवढा वेळ शीड मोकळं असतं आणि कुणाच्याही ताब्यात नसतं. दोराचा फटका बसला तर माणूस पाण्यात. अकरा माणसांतली नऊ या एका वळणाला लागतात. सुकाणूवर तांडेल, आणि पोराला सांगितलेलं असतं, खाली बस.

दुपारभरात अशी चार वळणं. चौथ्या वळणानंतर कुणी बोलत नाही. भंडारी नारळ फोडून प्रत्येकाच्या हातावर खोबरं आणि गूळ ठेवतो. हा नारळही घरचाच.

संध्याकाळी ६.१५

किनाऱ्याकडचं शेवटचं वळण घेतलं तेव्हा कुणकेश्वराचं देऊळ समोर आलं. पार वाळूला टेकलेलं; उधाणाची लाट पायरीशी येते असं. सहा दिवसांवर महाशिवरात्र. जत्रेसाठी किनाऱ्यावर झापांचे मांडव उभे राहताहेत, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं होड्यांतून उतरताहेत.

या देवळाची गोष्ट जहाजवाल्यांची आहे. परदेशी व्यापाऱ्याचं जहाज वादळात सापडलं. काळोखात किनाऱ्यावर एक दिवा दिसला. वाचलो तर तिथं देऊळ बांधीन, असा नवस त्यानं केला. वाचला, बांधलं. पण परक्या देवाचं देऊळ बांधल्यावर आपली माणसं घरात घेणार नाहीत म्हणून शिखरावरून त्यानं उडी टाकली, असं सांगतात. गोष्ट खरी की खोटी, हे कुणी विचारत नाही. दालदी खलाशीही इथून जाताना देवळाकडं बघून हात उंचावतो. वादळात दिसलेला दिवा कुणाचा होता, हे त्या वेळी महत्त्वाचं नसतं.

संध्याकाळी ७.१५

देवगडच्या खाडीत शिरताना पश्चिमेला थोडा उजेड शिल्लक आहे. किल्ल्याच्या टोकावर दीपगृह यायला अजून पस्तीस वर्षं आहेत; ते १९१५ चं. संध्याकाळची भरती नुकती कलते आहे. नांगर पडतो. देवगडचं बंदर चांगलं आडोशाचं. आत आलं की पाणी एकदम गप्प होतं.

इथं थोडी पोती घ्यायची आहेत आणि दहा-बारा उतारू. उतारू म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत जाणारे लोक. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली, आणि तेव्हापासून कोकणातल्या घरांतून एकेक माणूस वजा होत गेला. आगबोटीच्या तिकिटाला पैसे नाहीत असे फत्तेमारीच्या फळीवर बसून आठवड्यानं मुंबईला पोचतात. हेच पुढचे चाकरमानी.

तांडेल होडीनं किनाऱ्यावर जातो. बरोबर कागदांची तेलकट पुरचुंडी. १८३८ च्या कायद्यानं या किनाऱ्यावरच्या प्रत्येक देशी जहाजाला नोंदणी सक्तीची केली. जहाजावर नंबर आणि गावाचं नाव ठळक रंगवलेलं किंवा डागलेलं हवं, दाखला जवळ हवा. १८७८ च्या सागरी जकात कायद्यानं एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जाणाऱ्या मालाचाही कागद बांधून दिला. नवी पोती घ्यायची तर ती कागदावर चढायला हवीत, त्यावर सही हवी, आणि सही दिवसाच होते.

तांडेल अर्ध्या घटकेत परततो. होडी अजून जहाजाला लागायची असते तोवर त्याचा चेहरा सगळ्यांनी वाचलेला.

"आज कागद गावचो नाय. सकाळी कचेरी उघडल्यावर."

यात कुणाची लबाडी नाही. कारकुनाचा दिवस संपला होता, एवढंच. त्याच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि त्या घड्याळाची वेळ सगळ्यांना सारखी. सारखी म्हणजे तरी किती? पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, गव्हर्नर फर्ग्युसन सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढतील, मुंबईकर तो मानणार नाहीत, आणि दोन वर्षांत तो मागं घ्यावा लागेल. घड्याळं आपसांत भांडत होती. एका गोष्टीवर मात्र सगळ्या घड्याळांचं एकमत होतं: काम दिवसा, झोप रात्री. आणि उत्तरेला जाणाऱ्या शिडाच्या जहाजाचं काम रात्री.

रात्री ९

भात, कुळथाची पिठी, गळाला लागलेल्या दोन माशांचं कालवण. उतारू एका कोपऱ्यात गाठोड्यांना टेकून बसले आहेत. त्यांतला एक पहिल्यांदाच जातो आहे. तो पाण्याकडं पाठ करून बसला आहे.

चंद्र उगवायला मध्यरात्र उलटेल. आकाश स्वच्छ. मृग पश्चिमेकडं कलला आहे, दक्षिणेला अगस्ती, ईशान्येला सप्तर्षी वर येताहेत. जेवण झालं की तांडेल पोराला घेऊन नाळेवर जातो. हात लांब करून बोटं आडवी धरायची आणि क्षितिजापासून ध्रुव किती बोटं वर आहे ते बघायचं. मुंबईला पोचलं की हाच तारा दीड बोट वर आलेला असतो. किनारा दिसेनासा झाला, होकायंत्र फुटलं तरी ध्रुवाची उंची सांगते आपण किती उत्तरेला आलो.

"आणि दक्षिणेक गेलो तर?"

"खाली जाता. कालिकताक अजून खाली."

पोर बोटं मोजतो. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याला विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट, जंजिरा, खांदेरी असा सगळा किनारा बोटांवर आणि खुणांवर पाठ होईल. लिहिता येणार नाही. म्हणून या विद्येचं पुस्तक नाही. ती एका माणसातून दुसऱ्या माणसात उतरते, आणि मधला एक जरी गिरणीत गेला तरी तुटते.

मध्यरात्रीनंतर ३

पहाऱ्यावर पोर आहे. चंद्राची फोड डोंगरामागून वर आली आहे. उतारू झोपलेत, पहिल्यांदा जाणारासुद्धा. किनाऱ्यावर कुत्रं भुंकून थांबलं.

आधी गालाला कळतं. मग सुंभाचे दोर डोलकाठीवर हळू टकटक करू लागतात. मोहराचा वास येतो. नांगरावर उभं जहाज आपणहून नाळ डोंगराकडं वळवतं, वाऱ्याच्या तोंडाला. बाहेर समुद्र उघडा आहे. या एका रात्रीच्या वाऱ्यावर पहाटेपर्यंत विजयदुर्ग मागं पडलं असतं.

पोर पिछाडीला जाऊन तांडेलाच्या पायाला हात लावतो. "तांडेलानू, मतलई सुटली."

तांडेल जागाच आहे.

"सुटांदे," तो म्हणतो, आणि कांबळं डोक्यावरून ओढून घेतो.